खालची मूठ

माणसाला या जगात माणसाची गरज नसते. गरज असते ती एका चांगल्या हत्याराची, दोन धड पायांची आणि स्वतःच्या नजरेची. बाकी भाऊ, शेजारी, सगेसोयरे ही सगळी खोगीरभरती. हा विचार थोरल्यानं भल्या सकाळी लाकडाच्या वखारीत उभं राहून, भरून आलेल्या आभाळाकडे बघत वखारीच्या राखणदाराला मोठ्यानं ऐकवला. आणि लगेच त्यालाच म्हणाला, "जरा मागून उचल की. खांद्यावर येत नाहीये."

राखणदारानं करवतीचं मागचं टोक उचलून दिलं. करवत थोरल्याहून बरीच उंच होती. उभी केली की ती त्याची मोठी बहीण वाटायची आणि आडवी घेतली की अख्ख्या रस्त्याची मालकीण. दोन माणसांची करवत ती. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली खड्ड्यात. वरचा पातं वर उचलतो आणि रेघेवर ठेवतो, खालचा खाली ओढतो. वरच्याच्या वाट्याला वारा आणि मान. खालच्याच्या वाट्याला भुसा.

बाप गेल्यापासून थोरला वर होता आणि धाकटा खाली. धाकट्याला घरात सगळे बारक्या म्हणत. बारक्याच्या कानशिलावर आता पांढरे केस दिसायला लागले होते, पण नाव वाढलं नव्हतं आणि जागाही बदलली नव्हती. खाली राहून त्याचे डोळे कायम लाल. भुशाचा कण डोळ्यात गेला की तो मुठीला दोन हलके झटके द्यायचा. थोरला थांबायचा, खड्ड्यात उतरायचा, बोटांनी त्याची पापणी उघडी धरून फुंकर मारायचा आणि परत वर चढायचा. यावर दोघांत कधी एक शब्द झालेला नव्हता. कामाचाच भाग तो; पात्याला तेल लावतात तसा.

भांडण झालं ते काल. वखारवाल्यानं नव्या घराच्या दारासाठी राखून ठेवलेला जुना ओंडका चिरायचा होता. गेरूत भिजवलेलं सूत ताणून ओंडक्याच्या वरच्या अंगाला एक रेघ मारायची, खालच्या अंगाला दुसरी. मग टोकाला ओळंबा सोडून दोन्ही रेघा एकमेकींच्या बरोबर खाली-वर आहेत ना, ते बघायचं. हे बापाच्या वेळेपासून चालत आलेलं. पण आभाळ काळं झालं होतं, आणि थोरला म्हणाला, "ओळंबा कशाला? माझी नजर आहे ना."

नजर चार बोटं चुकली. वरचा वरच्या रेघेवर इमानानं चालला, खालचा खालच्या रेघेवर तितक्याच इमानानं, आणि त्या दोन इमानांमधून जी फळी निघाली ती एका कडेला उंबऱ्यासारखी जाड होती, दुसऱ्या कडेला पत्र्यासारखी.

"हे दार आहे की पाचर?" वखारवाला म्हणाला.

हमाल हसले. थोरला ओंडक्यावर उभा होता, सगळ्यांना दिसेल असा. उंचावर उभ्या माणसाला चूक कबूल करायला फार खाली वाकावं लागतं. तो म्हणाला, "खालचा नीट ओढत नाही त्याला मी काय करू? खाली अक्कल लागते कुठं, नुसतं ओढायचं. बैल बांधला तरी चालेल."

बारक्या खड्ड्यातून वर आला. भुशानं केसापासून नखापर्यंत पांढरा, एक डोळा मिटलेला. म्हणाला, "बांध मग."

तेवढंच. करवतीची खालची मूठ पाचरीवर बसवलेली असते. चिरून झालं की ती सोडवायची, म्हणजे पातं वरून काढून घेता येतं. बारक्यानं पाचर ठोकून मूठ सोडवली, पिशवीत टाकली आणि दुपारच्या बसनं घरी निघून गेला. जाताना भावाशी बोलला नाही, राखणदाराशी बोलला. "परवा पहिल्या बसनं आरागिरणीत कामाला लागतो. ते कधीचं बोलावतायत. मशीन निदान बोलत तरी नाही."

रात्रभर पाऊस पडला, खड्डा काठोकाठ भरला आणि वखारवाल्यानं काम बंद केलं. बारक्यानं राखणदाराला सांगितलेली 'परवा' आता 'उद्या' झाली होती. थोरल्याला घरी पोचायची काही घाई नव्हती, असं तो राखणदाराला सांगत होता. उजाडायच्या आत उठून, आवरून, निघताना सांगत होता.

सकाळची बस आली. कंडक्टरनं दारातूनच विचारलं, "हे काय?"

"करवत."

"ते दिसतंय. आत कशी येणार?"

"खिडकीतून."

"आणि मग बाहेर कोण कोण जाणार?" कंडक्टर म्हणाला. "दुमडते का?"

"वाकते. पण सोडली की सरळ होते."

कंडक्टरनं ते दृश्य मनातल्या मनात भरल्या बसमध्ये बघितलं आणि घंटीची दोरी ओढली.

"टपावर टाकू का?" थोरला बसबरोबर चालत म्हणाला.

"टपावर न्यायचं बंद झालंय!" हे कंडक्टरनं पुढच्या वळणावरून ओरडून सांगितलं.

बसनं तासाभराचा रस्ता. पायी गेलं तर दिवेलागण होणार, तीही वाटेत कुठं न रेंगाळता. थोरला निघाला.

वस्ती संपायच्या आतच पावसानं गाठलं. थोरल्याजवळ पोत्याची एक खोळ होती आणि प्लॅस्टिकचा एक मोठा कागद. पोलादाला पाणी लागलं की गंज चढतो, आणि गंजलेलं पातं लाकडात रडत चालतं. थोरल्यानं रस्त्याच्या कडेला बसून कागद करवतीभोवती गुंडाळला, सुतळीनं बांधला. दात कागद फाडत होते तिथं पोत्याची खोळही बांधली. आता करवत कोरडी होती आणि मालक ओला. लोकांनी बघितलं असतं तर वाटलं असतं, कुणी म्हातारं माणूस तापानं फणफणलंय आणि त्याला दवाखान्यात चालवलंय.

पण बघायला कुणी नव्हतं.

दोघं असले की करवत दोन खांद्यांवर असायची. पुढं थोरला, मागं बारक्या, मधे पातं झोळीसारखं डुलायचं. पुढच्यानं आवाज द्यायचा, मागच्यानं हुंकार. "वळतोय." "हं." "खड्डा." "हं." "फांदी." "हं." दिवसभराच्या वाटेवर दोन भावांचं याहून जास्त बोलणं होत नसे, आणि ते कमी आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

आज करवत एकाच खांद्यावर, मधोमध. पुढचं टोक हो-हो म्हणत होतं, मागचं नाही-नाही. प्रत्येक पावलाला पोलाद कागदातून कण्हायचं. वारा बाजूनं आला की करवत वळायची, आणि तिच्याबरोबर थोरलाही. दोनदा तर तो अख्खा फिरून वखारीकडे तोंड करून उभा राहिला. खांद्याची कातडी सोलवटली. त्यानं खांदा बदलला. मग दुसराही सोलवटला.

पहिल्या वळणावर त्याच्या तोंडून गेलं, "वळतोय."

मागून फक्त पाऊस.

'वेडाच आहे मी,' थोरला स्वतःशी म्हणाला आणि ओठ घट्ट मिटले. पुढं रस्ता खचला होता. तो म्हणाला, "खड्डा."

सवय ही अशी चीज. नंतर नंतर त्यानं नाद सोडून दिला. म्हणायचंच आहे तर म्हणावं. मनुष्य नाही, वस्ती नाही, दोन्ही बाजूंना पाण्यानं तुडुंब शेतं. कुणाच्या बापाचं काय जातंय. "दगड," तो म्हणायचा. "चिखल." "पुन्हा चिखल." एकदा म्हणाला, "बैल," आणि खरंच एक बैल रस्त्यात भिजत उभा होता. थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं. बैलानं थोरल्याकडे बघितलं. थोरला त्याला लांबून वळसा घालून पुढं गेला. कालच्या बोलण्याचा साक्षीदार समोर आल्यासारखं वाटलं त्याला.

दुपारकडे विजा सुरू झाल्या. फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पत्र्याचं, आणि त्याच्या शेजारी चहाची चूल. आडोशाला पाचपन्नास माणसं नव्हती, पण होती तेवढी दाटीवाटीनं उभी होती. थोरल्याला येताना बघून सगळी थोडी सरकली. मग त्याच्या खांद्यावर काय आहे ते बघून परत होती तिथं आली.

"तुम्ही या," सायकलवाला म्हणाला. "लोखंड बाहेर."

थोरल्यानं करवत पत्र्याच्या भिंतीला टेकवून उभी केली आणि आत आला.

"अहो, ती पत्र्याला टेकलीय!"

"मग?"

"मग? वीज तिच्यावर पडली की पत्र्यात, पत्र्यातून आमच्यात. उचला."

थोरल्यानं ती समोरच्या झाडाला टेकवली.

"झाडाखाली माझी म्हैस आहे," दुसरा कुणी म्हणाला.

थोरल्यानं ती उघड्यावर, रस्त्याकडेला आडवी ठेवली. आडोशाला येऊन उभा राहिला. कागदाचं एक टोक वाऱ्यानं सुटलं आणि फडफडायला लागलं. त्यानं थोडा वेळ तिकडं बघितलं नाही. मग बघितलं. मग जाऊन टोक बांधलं, आणि पातं आता दृष्टीआड करणं काही जमेना म्हणून तिथंच तिच्याशेजारी उकिडवा बसला. विजेला करवतीत काडीचा रस नव्हता. ती लांब टेकडीपलीकडे आपली आपली कडकडत होती. पण आडोशातली माणसं थोरल्याकडे अशी बघत होती, की जणू बातमी त्यांच्या डोळ्यांदेखत घडणार आहे आणि ती चुकवायची नाही.

चहावाल्याला दया आली. त्यानं पेला भरला, एका फळकुटावर ठेवला आणि फळकूट लांब करून आडोशातूनच पुढं सरकवलं. थोरल्यानं चहा घेतला. निम्मा चहा होता, निम्मा पाऊस. गरम होता, एवढं खरं.

"एवढं जिवापलीकडं जपताय, तर एकटेच का निघालात?" चहावाल्यानं ओरडून विचारलं. "दुसरा माणूस लागतो ना हिला?"

"नाही लागत," थोरला म्हणाला.

उठताना करवत खांद्यावर येईना. आडोशातून कुणी बाहेर आलं नाही. थोरल्यानं तिचं एक टोक मैलाच्या दगडावर चढवलं, मधे खांदा घातला, गुडघे सरळ केले. कमरेत कळ आली ती त्यानं गिळली, माणसं बघत होती म्हणून.

फाट्यापुढं रस्ता पुन्हा मोकळा. पाऊस आता जोराचा नव्हता. बसून गप्पा मारायला आल्यासारखा पडत होता, उठायचं नाव नाही. थोरला म्हणाला, "खड्डा."

"बघितला," मागून आवाज आला. "चल पुढं."

मान वळवली तर करवत वळणार, म्हणून थोरला अख्खा वळला. मागं एक म्हातारी होती. डोक्यावर लोखंडी घमेलं उलटं घातलेलं, त्याखाली फक्त हनुवटी आणि तिच्याखाली बाकीची म्हातारी.

"वळू नकोस सारखा," ती म्हणाली. "टोक लागेल मला. तू बोलत राहा. घमेल्यापायी मला पुढचं दिसत नाही, तुझे पाय तेवढे दिसतात. केव्हाची तुझ्या आवाजावर चाललेय."

"मला वाटलं मागं कुणी नाही."

"मग बोलत कुणाशी होतास?"

थोडं चालल्यावर थोरला म्हणाला, "डावीकडनं या. पाणी आहे."

"हं," म्हातारी म्हणाली.

ते "हं" ऐकून थोरल्याची चाल आपोआप सुधारली. करवतही नीट डुलायला लागली.

"रोज मागं कोण असतं?" म्हातारीनं विचारलं.

"भाऊ."

"गेला?"

"नाही हो! घरी गेला. रागावून."

"मग बरं आहे की. मला वाटलं गेला." तिनं घमेलं सावरलं. "माझाही रागावून गेला होता. त्याच्यामागं मी गेले नाही. मी थोरली ना."

"मग?"

"मग काही नाही. आता घमेलं घालून फिरते." ती थांबली. "चल, माझी पायवाट आली. तुझं चालू दे. दगड आला की सांग तेवढं."

"कुणाला?"

पण घमेलं बांधावरून पलीकडे उतरलंही होतं. थोरला उभा राहिला. त्याला आता एकटं चालायला आधीपेक्षा जड जाऊ लागलं. खोळ काढून घेतल्यावर थंडी वाजावी, तसं.

दुपारच्या फेरीची बस मागून आली. तीच बस. तिनं त्याला छातीपर्यंत चिखलानं रंगवलं, आणि मागच्या खिडकीतून कंडक्टरनं ओळखीचा हात केला.

पण पुढच्या टेकाडापलीकडे बस उभी होती. तिच्यामागं दोन बैलगाड्या, समोरच्या अंगाला एक ट्रक, आणि मधे रस्त्यावर आडवं पडलेलं एक जुनं झाड. मुळं उजव्या बांधावर उपटलेली, शेंडा डाव्या चरात, आणि खोड डोक्याच्या उंचीवर रस्त्यावरून गेलेलं. पन्नासेक माणसं त्याभोवती उभी राहून त्याला नावं ठेवत होती. सगळ्यांत मिळून हत्यार म्हणून एक कोयता होता आणि तो ट्रकवाला देत नव्हता.

टेकाडावर आधी करवतीचं टोक दिसलं, मग थोरला.

"करवत आली!" कंडक्टर ओरडला. "अहो या, या! देवासारखे आलात!"

"सकाळी कसा आलो होतो?" थोरला म्हणाला.

कागद सुटला. पातं चमकलं. बायका खिडक्यांतून वाकल्या. थोरल्याची छाती भिजलेल्या सदऱ्यात फुगली आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी विचारलं, "हिची दुसरी मूठ कुठंय?"

"भावाकडं."

"भाऊ कुठंय?"

"घरी."

"मूठ घरी नेऊन काय करतो तो?"

पन्नास माणसं उत्तराची वाट बघत होती. थोरला म्हणाला, "माझ्यावर राग काढतो." लोक हसले. वखारीतले हमाल हसले होते तसंच, पण आज थोरला ओंडक्यावर नव्हता, गुडघाभर चिखलात होता, आणि तिथून ऐकलं की हसू वेगळं लागतं.

मुठीच्या जागी त्यानं एक जाडसर काठी दोरीनं जखडून बांधली. ही करवत उभं चिरायची. आडवं कापायला तिला आवडत नाही, पण तिच्याशिवाय कोण होतं?

"एक जण वर खोडावर, एक खाली," थोरला म्हणाला.

वर जायला एकदम बरेच पुढं आले.

"आणि खाली कोण?"

सगळे आभाळाकडे बघायला लागले. बसचा ड्रायव्हर म्हणाला, त्याला बस चालवायचीय, डोळे लागतात. कंडक्टर म्हणाला, त्याच्या अंगावर खात्याचे कपडे आहेत. ट्रकवाला म्हणाला, त्यानं दोर दिलाय. मग थोरल्याच्या ध्यानात आलं, की पातं कापतं ते खाली ओढतानाच. वरचा नुसता उचलून देतो. ज्याला काम येतं त्यानंच खाली असायला हवं. हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ओंडक्यावर उभा राहून ठाऊक होतं, आणि कधी मनात आलं नव्हतं.

"तुम्ही चढा," तो कंडक्टरला म्हणाला. "फक्त वर उचलायचं. ढकलायचं नाही. ओढणं माझं."

कंडक्टर चढला. थोरला खोडाखाली उभा राहिला, काठी दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. पातं लाकडात बसलं. मग कंडक्टरनं ते वर नेलं आणि सगळा जोर लावून खाली ढकललं. पातं धनुष्यासारखं वाकलं.

"ढकलू नका हो!"

"मदत करतोय!"

"मदत करू नका!"

हळूहळू जमलं. ओला भुसा खाली पडायला लागला. कोरडा भुसा निदान उडतो. हा चिकट गोळ्यांनी, पावसाच्या धारेबरोबर, सरळ तोंडावर. मान खाली घालावी तर रेघ दिसत नाही. वर करावी तर डोळे. नाकात, ओठांवर, कानात. दंड भरून आले, दोरीनं तळहात कापला. आणि मग डाव्या डोळ्यात काहीतरी टोचलं, आत सरकलं आणि तिथंच घर करून बसलं.

थोरल्यानं काठीला दोन हलके झटके दिले.

कंडक्टरला वाटलं, घाई करायला सांगतोय. तो अजून जोरानं उचलायला लागला.

थोरल्यानं पुन्हा दोन झटके दिले.

"येतंय, येतंय!" वरून उत्साहानं आवाज आला.

थोरला थांबला नाही. थांबलं असतं तर पातं अडकलं असतं. एक डोळा गच्च मिटून, दुसऱ्यातून पाणी गाळत तो ओढत राहिला. आणि ओढता ओढता त्याच्या हातांना काहीतरी आठवलं. डोक्याला नव्हे, हातांना. काल त्या ओंडक्यावर मुठीला दोन झटके आले होते. मग परत दोन. पाऊस येत होता. थोरल्याला फळी संपवायची होती. तो थांबला नव्हता. खालचा पुढचं सगळं मिटल्या डोळ्यानं ओढत राहिला होता, रेघ सोडली नव्हती, आणि वर यायच्या आत त्यानं बैल ऐकला होता.

थोडंसं लाकूड शिल्लक ठेवून थोरल्यानं पातं काढलं. ट्रकवाल्यानं दोर बांधून ओढलं, खोड मोडून चरात गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कुणी जरा डोळ्यात बघता का?" थोरला म्हणाला.

"चोळू नका!" एका खिडकीतून सल्ला आला. "पाण्यात उघडझाप करा!" दुसऱ्या खिडकीतून. "वरच्या पापणीवर खालची ओढा!" तिसरी खिडकी. खाली मात्र कुणी उतरलं नाही. आता जागा सोडली तर परत मिळायची नाही. ट्रक उलट्या दिशेचा, तो गेलाही.

कंडक्टरचे मात्र डोळे भरून आले होते. "या," तो म्हणाला. "माझ्या जागेवर बसा. मी उभा राहतो."

"आणि ही?"

"ती इथं राहू दे झाडापाशी. दात आहेत हो तिला, मी तरी काय करू? उद्याच्या फेरीला—"

"उद्याच्या फेरीला घ्याल?"

"घेता नाही यायची," कंडक्टर प्रामाणिकपणे म्हणाला. "पण आहे की नाही ते बघून सांगीन."

थोरल्यानं बसकडे बघितलं. आत कोरडं होतं. थोड्या वेळात घर. पण करवतीशिवाय घरी जाऊन बारक्याला सांगायचं काय, ये म्हणून? आणि कशावर ये म्हणून?

"निघा तुम्ही," तो म्हणाला.

घंटी वाजली.

उरलेली वाट त्यानं एका डोळ्यानं कापली. एका डोळ्याला डबकं किती खोल ते कळत नाही; त्यानं पाय घालून घालून ठरवलं. चालता चालता तो भाषण तयार करत होता. सकाळी निघताना ते असं होतं: 'बारक्या, जायचं तर जा. माझं अडत नाही.' फाट्यानंतर ते झालं होतं: 'बारक्या, थोरला म्हणून एकदा सांगतो.' आता त्याची सुरुवातच सापडत नव्हती. ओळंबा सोडला नाही, हे सांगायचं होतं. झटके कळले होते, हे सांगायचं होतं. पण वाक्य जुळवलं की ते ओंडक्यावरून बोलल्यासारखं वाटायचं. त्यानं ते चिखलाला म्हणून बघितलं, एका कुंपणाला म्हणून बघितलं. कुंपणाला पटलं असं दिसलं नाही.

"वळतोय," तो शेवटच्या वळणावर म्हणाला, आणि घराचा दिवा दिसला.

दार उघडं होतं. आत थोरल्याची बायको चुलीपुढं होती, आई भिंतीला टेकून बसली होती. दोरीवर बारक्याचा धुतलेला सदरा वाळत घातला होता, उद्याचा. खाली त्याची पिशवी, बांधलेली. बारक्या कुठं दिसत नव्हता.

"आला का?" आई म्हणाली. "काल एक आला, तो मुका. आज तू. अगं, बघ तरी, आंघोळ करून आलाय की कुणी नदीतून काढलाय?"

"अहो, आधी ते खाली ठेवा," बायको म्हणाली.

खाली ठेवता येत नव्हतं. करवत ठेवायची जागा आत, आढ्याखालच्या खुंट्यांवर. आणि तिला दारातून घ्यायचं म्हणजे पुढच्यानं वाकून आत शिरायचं, मागच्यानं टोक उचलून, तिरपं करून सोडायचं. एकट्यानं ती आत येत नाही. थोरला दारात उभा राहिला. खांदे सुन्न होते. शब्द आठवेनात. जे रोज म्हणतात तेवढंच तोंडातून आलं.

"उंबरा."

आणि पाऊस वळचणीवरून पडत राहिला.

"हं," मागून आवाज आला.

खांद्यावरचं वजन निम्मं झालं. मागचं टोक उचललं गेलं, तिरपं झालं. थोरला वाकला, आत शिरला, करवत त्याच्यामागून सरळ आत आली. दोघांनी ती खुंट्यांवर चढवली. बारक्या अंगणातल्या गोठ्यातून आलेला, डोक्यावर पोतं. त्याचा डोळा अजून सुजलेला होता. त्यानं पात्यावर बोट फिरवलं. कोरडं होतं. मग टोकाला जखडलेली काठी बघितली, तिच्यावरचं दोरीखालचं रक्त बघितलं.

"वाटेत बैल मिळाला वाटतं," बारक्या म्हणाला.

"मिळाला होता. कंडक्टर होता."

बारक्या हसला नाही. पण दोरीवरच्या सदऱ्याकडेही त्यानं बघितलं नाही.

आता बोलायचं ते आताच, हे थोरल्याला कळत होतं. बायको चुलीपासून वळली होती, आईनं पुढं सरकून कान दिला होता. थोरल्यानं घसा साफ केला, दिवसभराच्या वाटेवर घडवलेलं सगळं छातीशी गोळा केलं आणि मान ताठ केली.

"बारक्या, मी आज येताना एक विचार केला. माणसाला या जगात—"

डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली. आईला वाटलं, पोरगा रडतोय. तिनं पदर तोंडाला लावला.

"माणसाला या जगात काय?" बारक्या म्हणाला. मग त्यानं जवळ येऊन बघितलं. "डोळ्याला काय झालं?"

"भुसा."

"तुझ्या डोळ्यात? वर उभं राहून?"

"मी खाली होतो," थोरला म्हणाला.

बारक्या त्याच्याकडे बघत राहिला. थोरला चुलीशेजारच्या पाटावर बसला, जमिनीजवळ, मान वर करून, एक डोळा मिटून.

"बाकीचं उद्या सांगतो," तो म्हणाला. "आधी जरा फुंकर मार."